माईकमधली खडखड

"शक्यता फार कमी असते," असं डॉक्टर म्हणाले आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बायकोच्या गळ्यात थायरॉइडची गाठ होती. गाठ साधी आहे पण वाढतेय, काढून टाकलेली बरी, इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी सांगितलं की आवाजाची नस या गाठीला अगदी लागून जाते, तिला धक्का बसला तर आवाज बदलू शकतो, क्वचित जातोही. पण शक्यता फार कमी. एवढं बोलून त्यांनी सहीसाठी कागद पुढं केला. शक्यता फार कमी असेल तर सही कशाला लागते, असं मी विचारलं. डॉक्टर हसले. अशा वेळी हसणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो.

हा माझा स्वभाव की नोकरीनं लावलेली सवय, ते आता वेगळं काढता येत नाही. जकात होती त्या काळात मी नाक्यावर कारकून होतो. ट्रकवाला सांगायचा कांदा आहे, मी ताडपत्री वर करून बघायचो. बहुतेक वेळा कांदाच निघायचा. कधीतरी एखाद्या वेळी निघायचा नाही, आणि त्या एका वेळेसाठी मी जन्मभर ताडपत्र्या उचलत राहिलो. जकात गेली, नाका गेला, मी निवृत्त झालो. उचलायचा हात मात्र राहिला.

घरातून बाहेर पडताना हा हात फार शिवशिवतो. आम्ही दोघं चपला घालून दारात आलो की मी विचारतो, "गॅस?" ती म्हणते, "बंद हाय." "मोटर?" "बंद केली." "मागचं दार?" "कडी घातलीय." "किल्ली?" "तुमच्या वरच्या खिशात." मग मी कुलूप लावतो आणि तीनदा ओढून बघतो. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. उत्तरं देताना ती मागं वळूनही बघत नाही, त्यामुळं खरंच बघून आलेली असते की तोंडाला येईल ते सांगते, हा संशय मला आहेच. पण ती "बंद हाय" म्हणाली की माझे पाय पुढं पडतात, हेही खरं.

ती माहेरची सोलापूरजवळच्या वळसंगची. चुलीपाशी कानडी आणि अंगणात मराठी, अशा घरातली. आवाज खणखणीत. शेंगाचटणीच्या आणि कडक भाकरीच्या ऑर्डरी ती फोनवर घेते, तेव्हा समोरचा माणूस फोन कानापासून हातभर लांब धरत असणार. डॉक्टरांकडून आल्यावर तिनं त्या आवाजाबद्दल चकार शब्द काढला नाही. नेहमीसारखी भाकरी थापायला बसली. ती काहीतरी लपवतेय, असं मला वाटलं. मी विचारलं नाही.

पुण्याहून मुलीचा फोन आला. तिनं सरळच सांगितलं, "बाबा, ऑपरेशनला तीन आठवडे आहेत. आईचा आवाज नीट रेकॉर्ड करून ठेवा." फोनवर केलं तर चालेल का, असं मी विचारलं तर म्हणाली, चालेल, पण घरी कॉम्प्युटर आहे, त्याला एक चांगला माईक लावा, आवाज स्वच्छ येईल. झालं, मला काम मिळालं. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. घाबरलेल्या माणसाला काम मिळालं की तो त्याच्या मागं लपतो.

आधी मी इंटरनेटवर माईकची माहिती वाचली. तिथं प्रत्येक माईक उत्तमच होता. खाली लोकांचे अभिप्राय होते, तेही एकजात खूश. एकानं लिहिलं होतं, "आवाज काचेसारखा स्वच्छ." चार अभिप्राय सोडून दुसऱ्यानंही काचेसारखाच लिहिलं होतं. नाक्यावर चार वेगवेगळ्या ट्रकांच्या पावत्यांवर एकच अक्षर दिसलं की आम्ही काय समजायचो ते मी समजलो. कॉम्प्युटर बंद केला आणि नव्या पेठेतल्या एका दुकानात गेलो. निदान तिथं माणसाचं तोंड तरी दिसतं.

दुकानदार पस्तिशीचा, चष्मेवाला, शांत. त्यानं मला यूएसबीची वायर असलेला, टेबलावर ठेवायचा माईक दाखवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं की आवाज एकदम स्पष्ट येतो. मी खोक्याची चिकटपट्टी नखानं तपासली. एका कोपऱ्यात ती जराशी वाकडी होती. "उघडून परत चिकटवलेलं नाही ना?" मी विचारलं. "काका, कंपनीतनंच तसं आलंय," तो म्हणाला. ट्रकवालेही असंच म्हणायचे.

घरी येऊन माईक लावला. बायकोला समोर बसवलं आणि म्हटलं, "बोल." "काय बोलू?" "काहीही." ती म्हणाली, "आज भाजीला काय करू ते तरी सांगा." एवढंच रेकॉर्ड करून मी हेडफोनवर ऐकलं. तिचा आवाज होता, पण त्याच्यामागं एक खडखड होती. बारीक, एकसारखी, न थांबणारी. मी माईक पुढं घेतला, मागं घेतला, वायर काढून दुसऱ्या जागी खुपसली, पंखा बंद केला. खडखड आपली चालूच. मी बायकोलाही ऐकवलं. ती म्हणाली, "व्हय की. काय ते, उंदीर हाय का आत?" म्हणजे दोष तिच्याही कानाला कळला. मला त्या वाकड्या चिकटपट्टीची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी माईक परत दिला. दुकानदारानं माझ्यासमोर तो आपल्या कॉम्प्युटरला लावला, "हॅलो हॅलो" केलं आणि ऐकवलं. लख्ख आवाज, खडखडीचा मागमूस नाही. मी बारकाईनं बघत होतो, त्यानं कुठली कळ दाबली का, वायर बदलली का. काही सापडलं नाही. ज्याचं काही सापडत नाही तो जास्त हुशार असतो, हा माझा अनुभव. मी दुसरा माईक मागितला. त्यानं कॉलरला चिमट्यानं लावायचा छोटासा दिला. तो बायकोच्या पदराला लावला, तर खडखड होतीच, वर पदराची सळसळही आली.

आता मात्र माझी खात्री पटली. हा माणूस डुप्लिकेट माल विकतो. त्याचा दुकानातला कॉम्प्युटर काहीतरी करामत करून आवाज धुऊन काढतो आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याला गंडवतो. मी परत गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर हे बोलून दाखवलं. दुकानदाराचा चेहरा पडला. "काका, डुप्लिकेट म्हनू नका," तो हळू आवाजात म्हणाला. "पंधरा वर्षं दुकान हाय माझं. मी उद्या घरी येतो तुमच्या. तितं बगू." घरी येतो म्हणाला याचाही मला संशय आला. बायको म्हणाली, "येऊ दे की. चोर असता तर आला असता व्हय?" मी म्हटलं, चोरच घर बघून जातात.

तो खरंच आला. स्कूटर दारात लावली, हातात तिसरं खोकं. तो विजापूर रोडकडं राहणारा, आमच्या पूर्व भागात त्याचं येणंजाणं नसावं. मी दार उघडलं तर तो उंबऱ्यातच थांबला आणि मोठ्यानं ओरडून म्हणाला, "काका, हे चालूच असतं का?"

"काय?"

"हे माग!"

"कुठले माग?" मी विचारलं.

त्यानं बोट दाखवलं. आमच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड आहे. तिच्यात टॉवेलचे बारा माग चालतात. मी या घरात राहायला आलो त्याच्या आधीपासून ते चालतायत. शेडच्या मालकाशी माझं रोज बोलणं होतं, त्याच्या कामगारांची मुलं आमच्या अंगणात खेळून मोठी झाली. माग तिथं आहेत हे मला माहीत होतं. त्यांचा आवाज होतो हे मात्र मी कधीच विसरून गेलो होतो. दुकानदाराचं बोट बघितलं आणि तेव्हा कुठं मला ऐकू आलं, खडखड, खडखड, बारा मागांची. माईकमध्ये होती तीच.

मी बायकोकडं बघितलं. तीही आ करून शेडकडं बघत होती. "अगं बाई," ती म्हणाली, "हेच की ते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मला इतकी लाज वाटली की मी दुकानदाराला बसासुद्धा म्हटलं नाही, तिनंच चहा ठेवला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं समजावून सांगितलं की पहिला माईक कॉन्डेन्सर होता, तो लई कान उघडे ठेवतो, खोलीतलं सगळं गोळा करतो. शांत खोलीत तो चांगला. जिथं गोंगाट आहे तिथं डायनॅमिक घ्यावा, तो फक्त तोंडाजवळचं ऐकतो, लांबचं फारसं मनावर घेत नाही. तिसऱ्या खोक्यात तोच होता. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, जरासा तिरपा ठेवायचा, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट येत नाही. कॉम्प्युटरवर आवाजाची पट्टी लाल होऊ द्यायची नाही. भिंतींवरून आवाज उलटून येऊ नये म्हणून मागं जाड चादर टांगायची. "चादरीला काय, सोलापुरात तोटा हाय का," तो म्हणाला. आणि शेवटी, "पन काका, खरं स्वच्छ पायजे तर माग बंद असत्याल त्या दिवशी करा."

शेडला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. ऑपरेशनच्या आधी अशा दोनच सुट्ट्या उरल्या होत्या.

पहिल्या सुट्टीला मी सकाळीच दोरीवर दोन चादरी टांगल्या, माईक वीत मोजून ठेवला आणि तिला समोर बसवलं. ती बोलली आणि आवाजाची पट्टी थेट लाल झाली. "हळू बोल," मी म्हटलं. ती परत तेवढ्याच जोरात म्हणाली, "हळूच बोलतीय की." तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या आळीत सगळेच असे बोलतात. मागांच्या वर आवाज काढून काढून आमच्या गळ्यांना तीच सवय लागलीय, आणि सुट्टीच्या दिवशीही कुणाचा आवाज खाली येत नाही. वळसंगहून लग्न होऊन आलेली मुलगी असं ओरडत नव्हती. ती कशी बोलायची ते मी आठवायचा प्रयत्न केला, पण आठवेना. त्या वेळी मला फार वाईट वाटलं.

बरं, बोलायचं काय, हा प्रश्न होताच. ती माईक बघून आखडून गेली. म्हणून मी विचारायला लागलो. "जन्म कुठला?" "वळसंग." "भावंडं किती?" "तुमास्नी म्हाईत न्हाय व्हय?" "शाळा?" "चौथी." तासाभरानं ऐकून बघितलं तर सगळा माझाच आवाज. नाक्यावरची उलटतपासणी नुसती, आणि अधूनमधून तिचे दोन दोन शब्द. "हे लेकीला पाठवणार व्हय?" ती म्हणाली. "तिला वाटंल आईला पोलिसांनी धरलं." मी चिडून हेडफोन काढून ठेवले. सुट्टी वाया गेली.

दुसऱ्या सुट्टीला, म्हणजे ऑपरेशनच्या चार दिवस आधी, ती म्हणाली, "तुमी बाहेर जावा. शेंगदाणे संपल्यात, ते आणा. मी करते एकटी." लाल बटण कुठलं ते तिनं आधीच विचारून घेतलं होतं. मला बाहेर का घालवतेय? मी दारात रेंगाळलो. "गॅस?" मी विचारलं. "मी घरातच हाय न्हवं का," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी शेंगदाणे घेऊन परत आलो तेव्हा माईकची मान दाराच्या बाजूला फिरवलेली होती, आणि कॉम्प्युटरवर एक नवी फाईल होती. तीन मिनिटांची. "काय बोललीस?" "गाणं म्हटलं." "ऐकू?" "आत्ता न्हाय. मी दवाखान्यात गेल्यावर ऐका." तिनं माझ्याकडं न बघता शेंगदाणे निवडायला घेतले. तीन मिनिटांचं गाणं ती कधी म्हणत नाही. तिला एक कडवंसुद्धा पाठ नाही. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन काही सांगितलंय, आणि ती मला निरवानिरवीचं काहीतरी बोलून ठेवतेय, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. ती दुपारी भाकरीच्या ऑर्डरी पोचवायला गेली तेव्हा मी दोनदा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो. बाण फाईलवर नेला. पण उघडली नाही. आयुष्यभर लोकांच्या ताडपत्र्या उचलल्या, आणि घरातली एक उचलायची वेळ आली तर हात मागं घेतला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती ऍडमिट झाली. मुलगी पुण्याहून आली होती, रात्री आम्ही दोघंही दवाखान्यातच थांबलो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी घरी येऊन अंघोळ केली, रिपोर्टची पिशवी घेतली आणि निघालो. चप्पल घातली. दारात उभा राहिलो आणि सवयीनं म्हणालो, "गॅस?"

शेजारी माग चालू होते. घरात कुणी नव्हतं. मी तसाच उभा राहिलो, माझं पाऊल उचलेना. स्वयंपाकघरात जाऊन बटण बघितलं, बंद होतं. परत दारात आलो, तर ते खरंच बंद होतं का याची शंका आली. परत गेलो. असं किती वेळा झालं ते सांगायला मला लाज वाटते. शेवटी पिशवी खाली ठेवली, कॉम्प्युटर चालू केला आणि ती फाईल उघडली.

आधी नुसती शांतता. मग तिचा आवाज आला, हळू. इतका हळू आवाज या घरात मी कधी ऐकला नव्हता.

"बंद हाय."

परत शांतता. मग, "बंद केली." परत थोडा वेळ काही नाही. "कडी घातलीय."

माझ्या डोक्यात उजेड पडला. तिनं नुसती उत्तरं रेकॉर्ड केली होती, आणि मध्ये माझ्या प्रश्नांना जागा सोडली होती. मी फाईल पहिल्यापासून लावली, स्पीकरचा आवाज मोठा केला आणि दारात जाऊन उभा राहिलो. मी विचारलं, "गॅस?" आतून ती म्हणाली, "बंद हाय." "मोटर?" "बंद केली." "मागचं दार?" "कडी घातलीय." "किल्ली?" "तुमच्या वरच्या खिशात. बगा." मी हात लावला. किल्ली होती. मला हसू आलं आणि डोळ्यांना पाणीही आलं.

मग बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं संपलं. मी आत जायला वळलो, तेवढ्यात तिचा आवाज परत आला.

"व्हय. भ्या वाटतंय की. लई वाटतंय."

थोडं थांबून, "आता निघा. कुलूप एकदाच वडा."

या उत्तराच्या आधी तिनं सगळ्यात मोठी जागा सोडली होती आणि तिथं विचारायचा प्रश्न मी तीन आठवड्यांत एकदाही विचारला नव्हता. डॉक्टरला सहीचं विचारलं, दुकानदाराला चिकटपट्टीचं विचारलं, तिला जन्म कुठला ते विचारलं. भीती वाटते का, एवढं सोडून सगळं विचारलं. तिनं काही लपवलं नव्हतं. विचारायची वाट बघून बघून शेवटी उत्तर माईकला दिलं होतं.

कुलूप एकदाच ओढलं आणि रिक्षा पकडली.

दवाखान्यात तिला हिरवे कपडे घालून ढकलगाडीवर घेतलं होतं. मुलगी पायाशी उभी होती, एक नर्स कागद बघत होती. मी जाऊन बायकोचा हात धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "भीती वाटते का गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "ऐकलंत व्हय," ती म्हणाली. मग तसंच हळू, "वाटतंय की."

"मलाही वाटतेय," मी म्हणालो. मुलीनं तोंड फिरवलं.

नर्सनं गाडी पुढं घेतली. मी हात धरून बरोबर चालत होतो. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्स म्हणाली, आता इथंच थांबा. बायकोनं माझा हात सोडला नाही. मान जराशी उचलून तिनं विचारलं, "गॅस बंद केलाय न्हवं?"

निघताना शेवटचा कधी बघितला, मला काही केल्या आठवेना. "बंद हाय," मी म्हणालो. मागं वळूनही न बघता, अगदी तिच्या सुरात. तेव्हा तिनं हात सोडला.

ऑपरेशन नीट झालं. आवाज परत आला, पण जाड, बसका, ऑर्डर घेताना आता तीन तीनदा सांगावं लागतं. "गॅस बंद केलाय न्हवं?" हे तिच्या जुन्या आवाजात मी ऐकलेलं शेवटचं वाक्य. ते कुठल्याच माईकमध्ये नाही, फक्त माझ्या कानात आहे.